चुळबूळ

सोहारला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात
मी पंपांचा कंप वाचतो.
बेअरिंगवर सेन्सर टेकवायचा, पडद्याकडे बघायचं.
रेघ जितकी सपाट तितकी पाळी सुखाची.
रेघ थरथरली की फोन करतो,
कुणीतरी यंत्र थांबवतं.

ती आली अठ्ठाविसाव्या आठवड्यात.
एक हजार चाळीस ग्रॅम.
काचेच्या पेटीवर चिठ्ठी: बेबी ऑफ हर्षदा.
माझ्या अंगठीत तिचं मनगट जाईल
असं वाटायचं. करून पाहिलं नाही.

आता तिला दोन वयं आहेत.
एक पासपोर्टावरचं,
दुसरं दवाखान्यातलं: दुरुस्त वय.
बारा आठवडे वजा.
जणू तिने कुणाकडून उसने घेतले होते.

पहिला व्हिडिओ काढला तेव्हा
तिचे हातपाय एकदम ताठ व्हायचे, एकदम सुटायचे,
पुन्हा ताठ, पुन्हा सैल,
शाळेच्या कवायतीसारखे, एका ठेक्यात.
मला बरं वाटलं.
माझ्या धंद्यात ठेका म्हणजे तब्येत.
डॉक्टर बुथैनांनी दोनदा पाहिला, मग आवाज उतरवून म्हणाल्या,
मूल असं नसतं हलत.
मूल दर वेळी वेगळं हलतं.
ठेक्याचीच मला काळजी आहे.

मग म्हणाल्या, थांबू या.
दुरुस्त तिसऱ्या महिन्यात
मानेत, मनगटांत, घोट्यांत
बारीक बारीक, गोल गोल हालचाल यायला हवी.
इंग्रजीत त्याला शब्द होता.
रात्री आम्ही मराठी शब्द शोधत बसलो.
हर्षदाला सापडला, आणि हसूच आलं तिला,
त्या महिन्यातलं पहिलं:
चुळबूळ.

चौथीत याच गोष्टीसाठी
बेलवलकर गुरुजींनी मला छडी दिली होती.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, दाखव गं एकदा,
बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात.
किती मायेने म्हणाल्या.
हर्षदाने फोन उशीखाली घातला,
उशीखालून आवाज येत राहिला,
हॅलो, हॅलो, रेंज गेली वाटतं.

व्हिडिओचे नियम:
जागी हवी, पोट भरलेलं हवं.
खुळखुळा नको, चोखणी नको.
कुणी बोलायचं नाही.
एसी बंद केला, चादर हलते म्हणून.
ऑगस्ट. माझ्या कोपरावरून घाम
मोबाइलवर पडू नये एवढीच धडपड.
कोपऱ्यावरच्या मशिदीतली बांग आली. ती कुणाला थांबवणार?

तीन मिनिटं मी तिच्या पायांशी उभा.
पहिलं मिनिट छत बघत होती.
एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदांनी
उजवं मनगट वळलं.
थांबलं. पुन्हा वळलं, दुसरीकडे.
मग मान, मग उजवा घोटा,
भांड्यातलं पाणी उकळायच्या आधी
तळाशी जसं हलतं तसं.
आयुष्यात पहिल्यांदा थरथरती रेघ बघून
मी कुणालाही फोन केला नाही.

डावा घोटा?
तो व्हिडिओ मी अजून पुसलेला नाही.
डावा घोटा कधी हलल्यासारखा वाटतो,
कधी माझाच हात हलला होता असं वाटतं.

हा निकाल नव्हे, बुथैना म्हणाल्या होत्या,
ही वाट कुठे वळू शकेल त्याची खूण.
व्यायाम आजपासून.

आता ती दोन वर्षांची. दुरुस्त एकवीस महिने.
शुक्रवारी किनाऱ्यावर नेतो.
ओल्या वाळूत उजवं पाऊल पुरं उमटतं,
डाव्याची बोटं खोल, टाच पुसट.
मासळी बाजारातला एक म्हातारा
तिला रोज एक खजूर देतो, नेहमी डाव्या हातात.
कुणी सांगितलं त्याला, माहीत नाही.

आज सकाळी पट्ट्यांचा बूट चढवताना
ती इतकी वळवळली, इतकी वळवळली,
की हर्षदा ओरडली,
अगं, चुळबूळ करू नकोस!

आणि बूट हातात धरून तशीच बसली.
मी दारात डबा घेऊन उभा.
खाली कंपनीची गाडी हॉर्न देत होती.